रोज पन्नास कोडी सोडवून बुद्धिबळ सुधारतं का?

उंटावरचा शहाणा:
मत आधीच सांगून टाकतो. ऑनलाइन कोड्यांचं जे पेव फुटलंय, त्यात करमणूक जास्त आणि सराव कमी. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर कोडं उघडलं की आधी प्रतिस्पर्ध्याची एक चाल आपोआप होते, मग तुमची पाळी. म्हणजे चूक झालीय, ती कोणत्या चालीत झालीय आणि तिची शिक्षा आहेच, हे सगळं आयतं कळलं. आता सरळसोट मारामारीचं उत्तर नसणार असं धरून चालायचं, वजीर कुठे देता येतो ते बघायचं आणि शह ठोकून द्यायचा. बरोबरची खूण आली की पुढे. डावात 'थांब, इथे काहीतरी आहे' असं कानात कोण सांगतं?

सिंगापूरचा २०२४ च्या जगज्जेतेपदाचा चौदावा डाव आठवा. गुण साडेसहा-साडेसहा. गुकेशकडे एक प्यादं जास्त, पण दोघांकडे हत्ती आणि एकाच रंगाच्या घरांवरचे उंट, त्यामुळे डाव बरोबरीकडे चाललेला. ५५ व्या चालीला पांढऱ्याकडून खेळणाऱ्या, तेव्हाच्या जगज्जेत्या डिंगने हत्ती एफ२ वर आणून हत्तींची अदलाबदल पुढे केली. गुकेशने हत्ती मारला, राजाने तो परत घेतला आणि काळा उंट डी५ वर येऊन बसला. डिंगचा उंट ए८ च्या कोपऱ्यात, त्याच कर्णावर; कर्ण सोडून पळायला वाटच नाही. उंटही गेले. उरले राजे, प्यादी आणि गुकेशचं ते जादा प्यादं. ५८ व्या चालीनंतर डिंगने डाव सोडला.

'काळ्याची चाल, काळा जिंकतो' असं लिहून हीच स्थिती द्या, क्लबातला साधा खेळाडूही सोडवेल. डिंगपुढचं कोडं पांढऱ्याचं होतं: कोणती चाल खेळायची *नाही*. रोजच्या पन्नासात असलं कोडं कितीदा येतं?

अडीचघर:
उदाहरण तुमच्यावरच उलटलंय, शहाणे. गुकेशला कोणी चिठ्ठी दिली होती? हत्ती एफ२ वर आल्यावर त्याचा चेहरा कसा बदलला ते सगळ्या जगाने कॅमेऱ्यात बघितलंय. ती नजर कोपऱ्यात अडकलेले उंट आणि फसलेल्या अदलाबदली हजारदा बघूनच येते.

चेस आणि सायमन या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवली तर निष्णात खेळाडू पट बऱ्यापैकी परत मांडतो, नवशिक्याला जेमतेम चार-पाच मोहरी आठवतात. मोहरी कशीही विखरून ठेवली की दोघंही जवळपास सारखेच. म्हणजे डोक्यात साठलेले नमुने कामाला येतात. आणि नमुने साठवायला कोड्यांइतका जलद रस्ता दुसरा दाखवा.

उंटावरचा शहाणा:
प्रयोगात कोडी होती कुठे? अख्ख्या डावांमधल्या स्थिती होत्या. मग अख्खे डाव बघा की! तुमच्या पुराव्यावर माझंच दुकान चालतंय.

काळा_वजीर:
'बुद्धिबळ म्हणजे ९९ टक्के टॅक्टिक्स (डावपेच)' हे टाइकमन या जुन्या जर्मन खेळाडूच्या नावावर खपणारं वाक्य अजून कोणी टाकलं नाही याचं नवल वाटतंय. घ्या, मी टाकलं.

दोन पोरांची आई:
माझा प्रश्न साधा आहे. धाकट्याला क्लासमधून रोज पन्नास कोड्यांचा गृहपाठ असतो. तो रिक्षात बसून दहा मिनिटांत उरकतो. चुकलं तर 'उत्तर दाखवा', की पुढचं. कोड्यांचं रेटिंग बघून घरात पेढे वाटायचे बाकी आहेत, पण स्पर्धेत घोडा फुकट देऊन येतो. चूक कोड्यांची का पोराची?

सांगलीकर काका:
ताई, चूक पन्नासच्या आकड्याची. मी मुलांना शिकवतो. सहा स्थिती देतो, त्याही लाकडी पटावर मांडायला लावून. हात मांडीखाली. आधी वहीत मुख्य चाल लिहायची, मग समोरच्याची सगळ्यात चिवट उत्तरं, आणि मगच मोहरा हलवायचा. नुसती पहिली चाल बरोबर आली तर माझ्याकडे अर्धाही गुण नाही. सहापैकी दोन स्थितींत काहीच नसतं, साधी हत्ती मोकळ्या पट्टीवर आणायची चाल. कुठल्या दोन ते मी सांगत नाही. पहिल्या आठवड्यात पोरं तिथेही वजीर देऊन मोकळी होतात, काय सांगायचं! मग हळूहळू 'काका, इथे काही नाही' असं म्हणायला लागतात. तो धीर ॲपवर येत नाही.

मात्र शहाण्यांचंही सगळं मला पटत नाही. ज्याला पिन (मोहरा जखडणं) आणि फोर्क (एकाच चालीत दोन मोहऱ्यांवर हल्ला) दिसत नाहीत, त्याने अख्खे डाव बघून काय बघायचं? बाराखडीशिवाय वाचन नाही.

अडीचघर:
काकांच्या पद्धतीला माझा कडक सलाम, पण काका सगळ्यांच्या घरी येणार आहेत का? लिचेस फुकट आहे, तालुक्याच्या गावातल्या पोराच्या मोबाइलवर चालतं. आणि शहाणे, 'बचावाची चाल' असा विषय तिथे निवडता येतो. 'बरोबरी साधा' असाही आहे. तुम्ही विचारलेलं पांढऱ्याचं कोडं त्याच्या बरंच जवळ जातं. तुम्ही विषयांची यादी उघडलीच नाही की काय?

उंटावरचा शहाणा:
उघडली. पण 'बचावाची चाल' असं डोक्यावर लिहिलं की पुन्हा चिठ्ठी हातात आलीच. विषय न निवडता मिसळ घेतली तर निदान बचाव का हल्ला हे तरी स्वतःला ठरवावं लागतं, एवढं मी सोडतो. आणि लिचेसवरच्या स्टॉर्म या घाईघाईत कोडी सोडवायच्या खेळाचं काय? तीन मिनिटांचं घड्याळ, चूक केली की दहा सेकंद कापतात, म्हणून लोक आकडामोड सोडून सरळ अंदाज ठोकतात. दीड तासाच्या डावाला बसल्यावरही बोटांना तीच खाज.

अडीचघर:
ब्लिट्झ खेळणाऱ्याला ती खाजच हवी असते! सगळे काही दीड तासाचे डाव खेळत नाहीत. ऑफिसातून येऊन पाच-पाच मिनिटांचे चार डाव खेळणाऱ्या माणसाला स्टॉर्मचा फायदा होतो, हे मी मरेपर्यंत म्हणणार.

दोन पोरांची आई:
काका, आज सहाच दिली, वही घेऊन. पाऊण तास लागला, दोन आली, एकदा रडारड झाली. क्लासच्या सरांना आता पन्नासचं काय सांगू तेवढं सांगा.