संथ कॉम्प्युटरला क्लीनर पाजणं थांबवा, डिस्क बदला

रविवारचा_मेकॅनिक

घरात ‘कॉम्प्युटरमधलं कळणारा’ एकच माणूस असला की दिवाळीला फराळाच्या आधी त्याच्यापुढे सीपीयू येतो. (अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणायची आपली पद्धत आहे, ती मोडायला मी निघालेलो नाही.) मामांकडे यंदा तेच झालं. २०१५ चा डेस्कटॉप, चौथ्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. बटण दाबलं आणि फोनवर स्टॉपवॉच लावलं. ब्राउझर उघडून पहिलं पान दिसेपर्यंत ६ मिनिटं १० सेकंद. मामींचा चहा त्याआधी झाला.

मामांनी उपाय केले नव्हते असं नाही. तीन वेगवेगळे क्लीनर (कॉम्प्युटर ‘साफ’ करणारी सॉफ्टवेअर) होते, तिघेही एकमेकांना कचरा समजणारे. रोज सकाळी टेम्प (तात्पुरत्या फाइलींचं) फोल्डर रिकामं, दर सोमवारी प्रीफेच साफ, आणि आपला राष्ट्रीय व्यायाम, म्हणजे डेस्कटॉपवर राइट क्लिक करून रिफ्रेश, रिफ्रेश, रिफ्रेश. रिफ्रेशनं पडद्यावरचे आयकॉन पुन्हा काढले जातात, बस्स. प्रीफेच पुसणं तर उलट अंगाशी येतं. कुठला प्रोग्राम उघडताना काय काय लागतं याची ती विंडोजनं करून ठेवलेली यादी असते. ती फाडली की पुढच्या वेळी वेळ जास्तच लागणार. आणि रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगांची वही) साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरना आमचा पाठिंबा नाही, असं खुद्द मायक्रोसॉफ्टनंच सांगून ठेवलंय.

कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर (मशीनमध्ये कोण किती राबतंय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडला. सीपीयू (इथे खरा, म्हणजे प्रोसेसर) १२ टक्के. डिस्क १०० टक्के. आणि डिस्कचा वेग? सेकंदाला जेमतेम १ एमबी! एवढ्याशा कामानं डिस्क दमते कशी? तर आतली तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हवा तो तुकडा वाचणाऱ्या हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी वाट बघायची, म्हणजे ४ मिलिसेकंद गेले. त्याआधी हेड त्या पट्ट्यावर न्यायला आणखी ९-१० मिलिसेकंद. हिशेब केला तर सेकंदाला सत्तर-पंचाहत्तर तुकडे. विंडोज सुरू होताना असे हजारो बारके तुकडे डिस्कभर विखुरलेले मागत असतं. जुन्या लॅपटॉपात बहुधा ५४०० फेऱ्यांची डिस्क असते, तिथे याहून वाईट. एसएसडीमध्ये (तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) काही फिरतच नाही.

५०० पैकी ११० जीबीच भरलेले होते. २५६ जीबीचा साधा साटा (जुन्या डिस्कच्याच केबलला लागणारा) एसएसडी आणला, जुन्या डिस्कचा क्लोन (जशीच्या तशी नक्कल) केला. तेच विंडोज, तेच प्रोग्राम, तिन्ही क्लीनरसुद्धा मुद्दाम ठेवले. ३८ सेकंद.

तर माझं मत असं की, फुकटच्या नुस्ख्यांत रविवार घालवू नका. फिरती डिस्क असेल तर आधी ती काढा.

चहाबाज

तुमचे ३८ सेकंद मान्य, पण ‘आधी खिशात हात घाला’ हा सल्ला नाही पटला. आमच्या हिचा लॅपटॉप असाच रडत होता. टास्क मॅनेजरातच शेजारी स्टार्टअपचा टॅब असतो, तो कोणी उघडत नाही. आत १७ मंडळी. प्रिंटरचं सॉफ्टवेअर, जो प्रिंटर आम्ही २०१९ मध्ये भंगारात दिला. मीटिंगची तीन ॲप, दोन गेम लाँचर (मुलाचे, त्याला म्हणे माहीतच नाही), टॉरेंट. १७ पैकी ४ ठेवले. अँटिव्हायरस दोन होते, एक विकतचा आणि एक ब्राउझरबरोबर गुपचूप आलेला. प्रत्येक फाइल उघडताना दोघंही तपासणार, म्हणजे एका दारावर दोन वॉचमन आणि दोघंही वही भरायला लावणार. एक काढला. खर्च शून्य रुपये, वीस मिनिटं.

दुसरी गोष्ट कोणीच सांगत नाही. परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयूखाली ‘अप टाइम’ असतो. हिच्या लॅपटॉपवर २३ दिवस! ही म्हणाली, मी तर रोज रात्री शटडाउन करते. करत होतीच. पण विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असलं की शटडाउन म्हणजे पुरतं बंद होणं नव्हे. विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवतात आणि सकाळी तोच परत उचलतात. पूर्ण ताजं व्हायचं तर रीस्टार्ट. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा, मग एसएसडीचं बघू.

रविवारचा_मेकॅनिक

फास्ट स्टार्टअपचं बरोबर, ते लिहायचं राहिलं. पण साहेब, तुमच्या घरच्या लॅपटॉपात डिस्क कुठली आहे? एसएसडी असणार असा माझा अंदाज.

चहाबाज

आहे एसएसडी. म्हणून काय झालं?

रविवारचा_मेकॅनिक

म्हणून माझा मुद्दा सिद्ध झाला 😄

डीटीपी_ताई

क्लोन केलात हे वाचून बरं वाटलं. नाहीतर आमच्याकडे प्रत्येक दुखण्यावर एकच औषध, ‘फॉरमॅट मारावा लागेल’. मी लग्नपत्रिकांचं काम करते. दोन वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईत मशीन रांगायला लागलं म्हणून एका दुकानात दिलं. संध्याकाळी परत आलं ते चकाचक. डेटा डी ड्राइव्हवर होता, तो वाचला. पण फॉन्ट सीमध्ये होते. जुन्या मराठी फॉन्टचं कसं असतं ठाऊक आहे ना? युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) नाही ते. फॉन्ट गेला की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी आकडे, स्वल्पविराम आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी. चारशे पत्रिकांच्या फाइली उघडतायत, पण वाचता येत नाहीत. फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (मशीनला लावायची लायसन्सची चावी) हातात, आणि त्याचा ड्रायव्हर ज्या सीडीवर, ती सीडी कुठे? वरातीला उशीर चालतो, पत्रिकेला नाही.

त्यामुळे कोणी काहीही सुचवा, मी आधी विचारणार, सी ड्राइव्हचं काय होणार? टेम्प रिकामं करायला माझी हरकत नाही, पण ‘साफसफाई’ हा शब्द ऐकला तरी छातीत धडधडतं.

गल्ल्यावरून

ताई, ज्यानं न विचारता फॉरमॅट मारला तो चुकलाच. पण दुकानदाराची बाजू कोणीतरी मांडायला हवी, म्हणून लिहितो. रिपेअरिंगमध्ये माझी सतरा वर्षं गेली.

मेकॅनिकभाऊ, तुमच्या मामांच्या मशीनवर मी एक रुपयाही घालू दिला नसता. चौथ्या पिढीचा आय-३. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि मायक्रोसॉफ्टची इंटेल प्रोसेसरांची अधिकृत यादी एखाददुसरा अपवाद सोडला तर आठव्या पिढीपासून सुरू होते. म्हणजे तुम्ही म्हातारीला नवी नऊवारी नेसवलीत. मामा त्यावर बँकेचे व्यवहार करणार असतील तर अजूनच पंचाईत. तेवढ्यात थोडे घालून ऑफिसातून निघालेलं आठव्या-नवव्या पिढीचं मशीन मिळतं.

आणि सगळं खापर डिस्कवर फोडू नका. निम्म्या वेळा आजार साधा असतो, ताप. कॅबिनेट उघडायचं, पंखा काढायचा, त्याखाली हीटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या) पात्यांवर गोधडीसारखा जाड थर. रस्त्याचं काम चालू असलेल्या घरचं मशीन असेल तर तो थर सिमेंटसारखा बसतो. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग उतरवतो. टास्क मॅनेजरात सीपीयूचा वेग बघा. २.४ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर काम चालू असताना तिथे ०.७९ दिसत असेल तर एसएसडी घाला नाहीतर सोनं घाला, फरक पडायचा नाही. ब्रशनं आणि ब्लोअरनं धूळ काढायची (ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरायचं, नाहीतर भिंगरी होऊन बेअरिंग जातं), थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंकला पोचवणारा लेप) नवी लावायची.

लॅपटॉपात हाच ०.७९ डुप्लिकेट चार्जरमुळेही येतो. काही लॅपटॉप चार्जर ओळखला नाही तर वेग दाबून ठेवतात. मागच्या महिन्यात एक मुलगा आला, दोनदा फॉरमॅट मारून, रॅम बदलून. मी माझा चार्जर लावला, मशीन पळायला लागलं. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. मी पैसे घेतले नाहीत, चार्जर मात्र विकला.

रविवारचा_मेकॅनिक

तापाचं शंभर टक्के मान्य. मामांचं मशीन उघडलं तेव्हा आत झुरळाची अंडीसुद्धा होती, फराळाच्या वेळी ते सांगितलं नाही. पण ‘रुपया घालू नका’ मान्य नाही. एसएसडी वाया जात नाही हो. उद्या मशीन मेलं तर चार स्क्रू काढून तोच दुसऱ्या मशीनला लावा, किंवा यूएसबीची केस घेऊन बॅकअपला ठेवा. जुनी डीडीआर-३ रॅम घेतली तर ती नव्या मशीनात चालत नाही. पैसे बुडतात ते तिथे.

पेंग्विनप्रेमी

विंडोज १० संपलं म्हणून मशीन भंगारात? लिनक्स मिंटची (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम) हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाका. पेनड्राइव्हवरून आधी चालवून बघता येते, डिस्कला हात न लावता. मी २०१२ च्या लॅपटॉपवर रोज वापरतो. मराठी इनस्क्रिप्ट कळफलक आतच असतो, अँटिव्हायरसची कटकट नाही.

चहाबाज

आला! कुठलाही धागा असो, पाचव्या-सहाव्या प्रतिसादाला पेंग्विन येतोच. भाऊ, माझ्याकडे टॅली आहे आणि डिजिटल सहीचं टोकन आहे. ते मिंटवर चालवायच्या नादात एक जुलै महिना घालवलाय. विवरणपत्र शेवटी मेहुण्याच्या विंडोजवरून भरलं.

पेंग्विनप्रेमी

टॅलीवाल्यांना कोण सांगतंय? ब्राउझर, यूट्यूब आणि नातवाचे फोटो, एवढंच करणाऱ्यांबद्दल बोलतोय मी.

डीटीपी_ताई

माझे जुने फॉन्ट आणि डोंगल त्यावर चालेल का?

पेंग्विनप्रेमी

ताई, तुम्ही आहात तिथेच राहा 🙏

निवृत्त_मास्तर

सर्वांना नमस्कार. मी साताऱ्याचा, वय ७१. आपली चर्चा सकाळपासून वाचतो आहे आणि सांगितलेलं एकेक करून पाहतो आहे. माझा प्रश्न असा की माझ्या संगणकात मुलानं एसएसडी गेल्या वर्षीच बसवला. सुरू लवकर होतो. पण पाच-सहा संकेतस्थळं उघडली की गाडी घाटात अडकते. दुकानदारानं ४ जीबी रॅम वाढवून ८ केली, तरी तेच. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू ९ टक्के, डिस्क ४० टक्के, मेमरी ९४ टक्के दिसते. स्टार्टअपमध्ये तीनच नावं आहेत. पंखा काल उघडून पुसला, प्रोसेसरचा वेग कमी झालेला नाही. आता काय राहिलं?

गल्ल्यावरून

काका, ८ जीबीत पाच-सहा टॅबना ९४ टक्के व्हायला नको. सेटिंगमध्ये सिस्टीम, मग अबाउट उघडा. इन्स्टॉल्ड रॅमपुढे काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथे लिहा, कंसातलंसुद्धा.

निवृत्त_मास्तर

लिहिलं आहे, ८ जीबी (३.४५ जीबी वापरण्याजोगी). त्याखाली, ३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीम, ६४-बिट प्रोसेसर.

गल्ल्यावरून

सापडलं. काका, तुमचं विंडोज ३२-बिटचं आहे. त्याला ४ जीबीच्या पुढची रॅम वापरताच येत नाही, त्यातलीही थोडी ग्राफिक्स वगैरे खातात. तुमची नवी ४ जीबी स्लॉटमध्ये बसून नुसती ऊब घेतेय. ज्यानं रॅम विकली त्यानं ही एक ओळ बघायला हवी होती. आमच्याच धंद्यातला आहे, काय बोलणार.

निवृत्त_मास्तर

मग ३२ चं ६४ कसं करायचं? एसएसडीसारखं क्लोन करून जमेल का?

रविवारचा_मेकॅनिक

नाही जमणार काका. ३२ वरून ६४ वर वरच्या वर जाता येत नाही. विंडोज नव्यानंच टाकावं लागतं. लायसन्स मूळचं असेल तर तेच पुढे चालतं, नवं विकत घ्यायची गरज नाही.

डीटीपी_ताई

सरळ मराठीत सांगा ना, फॉरमॅट मारावा लागेल!

रविवारचा_मेकॅनिक

…हो.

चहाबाज

आणि एसएसडी असूनही संथ, हे मास्तरांचं उदाहरण धाग्याच्या शीर्षकावर डकवून ठेवा.

रविवारचा_मेकॅनिक

ठेवा. शीर्षक आता बदलता येत नाही, नाहीतर ‘आधी टास्क मॅनेजर बघा, मग डिस्क बदला’ केलं असतं. फिरती डिस्क बदला हे मात्र मागे घेत नाही. काका, फॉरमॅटच्या आधी सीमधलं सगळं बाहेर काढा. डेस्कटॉप आणि डाउनलोड्ससुद्धा सीमध्येच असतात, ते लोक विसरतात.

डीटीपी_ताई

आणि काका, फॉन्टचं फोल्डर! मराठीत पूर्वी काही टाइप केलेलं असेल तर फॉन्ट आधी, बाकी नंतर.

निवृत्त_मास्तर

शाळेच्या २००६ पासूनच्या प्रश्नपत्रिका आहेत, त्याच जुन्या फॉन्टमधल्या. फॉन्ट घेतले. आता फोटो पेनड्राइव्हवर जात आहेत. ११ जीबी, आणखी ४० मिनिटं म्हणतो आहे. मघाशी २५ म्हणत होता.