पायांच्या व्यायामाच्या दिवशीच मळमळ का होते?

पहाटवारा

नमस्कार. माझे वय 44 असून काम पूर्णपणे बैठे आहे. पुण्यात घराजवळच्या व्यायामशाळेत नुकताच जाऊ लागलो आहे. पहाटे उठून फक्त चहा घेतो, ट्रेडमिलवर थोडे चालतो आणि मग प्रशिक्षकांनी आखून दिलेला क्रम करतो. छातीच्या आणि हातांच्या व्यायामाच्या दिवशी कसलाही त्रास होत नाही. पायांच्या दिवशी मात्र स्क्वॉट (बैठका), लंज (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणे) आणि बर्पी (खाली वाकून आडवे होणे आणि उठून उडी मारणे) एकापाठोपाठ केल्यावर तोंडात पाणी जमू लागते, उमासे येतात आणि व्यायाम संपवून बाकावर बसलो की डोळ्यांपुढे अंधारी येते. अर्ध्या तासात सारे ओसरते. प्रशिक्षक म्हणतात, सवय होईल. घरचे म्हणतात, पित्त आहे. रक्तदाब आणि साखर अलीकडेच तपासली, दोन्ही ठीक आहेत. नेमके काय बदलावे?

जोरबैठक

आपल्याकडे पोटाची कोणतीही तक्रार शेवटी पित्ताच्याच माथी मारली जाते. आपल्या वर्णनावरून मात्र दोष पित्तापेक्षा व्यायामाच्या आखणीचा वाटतो. मांड्या आणि नितंब हे शरीरातील सर्वांत मोठे स्नायू आहेत. ते जोराने काम करू लागले की हृदय त्यांच्याकडे अधिक रक्त वळवते आणि जठर व आतड्यांकडे जाणारे रक्त बरेच कमी होते. व्यायाम जितका तीव्र, तितकी ही घट मोठी. अशा वेळी जठर आपले काम मंदावते आणि त्यातले अन्न किंवा चहा तसाच पडून राहतो. हातांच्या व्यायामाला लहान स्नायू लागतात, म्हणून त्या दिवशी आपल्याला काही जाणवत नाही.

पायांच्या दिवशी बर्पी काही आठवडे पूर्ण बंद ठेवावी. वाकणे, आडवे होणे, उडी मारणे हे सारे तिच्यात एका दमात येते, त्यामुळे जठरातील आम्ल वर येते आणि डोकेही गरगरते. स्क्वॉटच्या दोन फेऱ्यांमध्ये सुरुवातीला दोन मिनिटे थांबावे. बोलताना अडखळावे लागले तरी चालेल, पण एक पूर्ण वाक्य उच्चारता आले पाहिजे. ते जमत नसेल तर वजन किंवा गती उतरवावी. नवशिके खाली बसताना श्वास कोंडतात आणि उठतानाही तो सोडत नाहीत. त्यामुळे पोटात आणि छातीत दाब वाढतो, रक्तदाब वर-खाली होतो. उठताना तोंडाने श्वास सोडण्याची सवय लावावी.

आता बाकाविषयी. पाय चालत असतात तेव्हा पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावून रक्त वर ढकलत असतात. आपण एकदम बसलात की हा पंप बंद पडतो, रक्त पायांत साठते, रक्तदाब घसरतो आणि अंधारीसोबत मळमळही येते. शेवटची फेरी संपल्यावर पाच ते दहा मिनिटे संथ चालावे, मगच बसावे. तरीही घेरी आली तर आडवे होऊन पाय उंचावर ठेवावेत.

तांदळाची पेज

वरील उत्तरात आहाराचा भाग राहिला आहे. रात्रीच्या जेवणानंतर आठ-नऊ तास उलटलेले, पोटात केवळ कडक चहा आणि त्यावर पायांचा व्यायाम. काही जणांना एवढ्यानेच मळमळते. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी अर्धे केळे किंवा दोन खजूर खाऊन पाहावे, चहा नंतर घ्यावा. शेंगदाण्याचा लाडू पौष्टिक असला तरी तो त्या वेळेचा नव्हे, कारण स्निग्ध पदार्थ जठरातून सावकाश पुढे सरकतात. संध्याकाळी व्यायाम करणाऱ्यांनी पूर्ण जेवण आणि व्यायाम यांत दोन ते तीन तासांचे अंतर ठेवावे, मिसळ खाल्ली असेल तर त्याहून अधिक.

पाणी घोटाघोटाने प्यावे. तहान लागली म्हणून बाटलीभर पाणी एका दमात रिचवले तर ते पोटात डुचमळते आणि उमासे वाढतात. घाम फार गेला असेल तर ओआरएस घ्यावे, परंतु पाकिटावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात. दाट केलेले द्रावण आणि फार गोड सरबत पोटात अधिक काळ रेंगाळते.

पहाटवारा

दोघांचेही आभार. एक शंका आहे. व्यायामशाळेतील काही जण आधीच वेदनाशामक गोळी घेतात, म्हणजे दुसऱ्या दिवशी पाय दुखत नाहीत म्हणे. शिवाय ओकारी झाली म्हणजे व्यायाम खरा झाला, असेही ऐकवले जाते.

नाडीपरीक्षा

मी डॉक्टर आहे. ओकारी ही व्यायामाच्या गुणवत्तेची पावती नव्हे. त्या दिवशी क्षमतेहून जास्त ताण पडला, एवढेच तिच्यावरून कळते. व्यायामाआधी आयबुप्रोफेनसारखी गोळी घेऊ नये. तीव्र व्यायामात पोटाचा रक्तपुरवठा आधीच घटलेला असतो, त्यात ही गोळी जठराच्या अस्तराला इजा करते आणि शरीरात पाणी कमी असल्यास मूत्रपिंडांवरही ताण आणते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांना मळमळीसोबत थरथर आणि घाम आला तर साखर खाली गेल्याची शक्यता असते. त्यांनी थांबून साखर तपासावी, तपासणे शक्य नसल्यास लगेच काही गोड घ्यावे. आपल्याला हे लागू नाही, पण इतर वाचकांसाठी लिहून ठेवतो.

मुंबई-कोकणाच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड करण्यासाठी त्वचेकडेही जास्त रक्त जाते आणि पोटाच्या वाट्याला आणखी कमी उरते. तेथे पंखा नसलेल्या खोलीत हाच क्रम केल्यास मळमळ लवकर सुरू होते. मळमळीसोबत डोके दुखू लागले किंवा बोलण्यात असंबद्धपणा आला, तर त्या माणसाला लगेच सावलीत नेऊन अंग ओले करावे, वारा घालावा आणि रुग्णालयात हलवावे.

आपण वरील बदल करून पाहावेत. बहुतेकांना त्यांतूनच उतार पडतो. मात्र छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, श्रमाच्या मानाने फार जास्त धाप किंवा थंड घाम यांपैकी काहीही मळमळीसोबत आले, तर व्यायाम तिथेच थांबवून रुग्णालय गाठावे. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये हृदयविकाराच्या झटक्यात छातीत दुखण्याऐवजी केवळ मळमळ आणि थकवा जाणवू शकतो. आपले वय चाळिशीच्या पुढे आहे आणि काम बैठे आहे. घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल किंवा आपण धूम्रपान करत असाल, तर पायांचा पुढचा व्यायाम करण्याआधीच डॉक्टरांकडून तपासून घ्यावे आणि ईसीजी काढावा.