ब्राह्मीच्या रसाबद्दल थोडं

वर एका ताईंनी विचारलंय, वडिलांना परवा लकवा मारला, ब्राह्मीचा रस दिला तर मेंदूच्या पेशी वाचतील का.

ताई, पेशी वाचवायची खरी वेळ पहिल्या काही तासांचीच. मोठी रक्तवाहिनी तुंबली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आमच्या मामांचे ते तास तेल चोळण्यात गेले. उजवा हात आजही उचलत नाही.

प्राण्यांवरच्या प्रयोगांत ब्राह्मीचे गुण दिसलेत, पण लकव्याच्या रुग्णांत तसा भक्कम पुरावा नाही. चीनमध्ये मेंदूत रक्तस्राव झालेल्या १,६४८ रुग्णांवर एका पारंपरिक वनौषधीची चाचणी झाली, २०२४ मध्ये निकाल आला: फायदा नाही. शिवाय इतवारी बाजारात मी ब्राह्मी मागितली तेव्हा हातात मंडूकपर्णी पडली, ती वेगळीच वनस्पती.

रक्त पातळ करायची गोळी सुरू असेल तर जिन्को (एक वनौषधी) वगैरे काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. आणि गिळायला त्रास होत असेल तर रस, काढा तोंडाने मुळीच नको. ठसका लागून फुप्फुसात जातो. गिळणं आधी तपासून घ्या, फिजिओथेरपी कधीपासून हेही आजच विचारा.