कार्यशाळेतला अख्खा दिवस 'मेक' करण्यात (मूळ कोडपासून प्रोग्रॅम बांधण्यात) गेला. नकाशाचं सॉफ्टवेअर स्वतः बांधायचा हट्ट सोडूया का?

खाजनकाठ (धागा सुरू करणारा)

गेल्या शनिवार-रविवारी फोंड्याजवळ आमची दोन दिवसांची कार्यशाळा झाली. विषय साधा होता: गावच्या खाजनांचे (खाऱ्या पाण्याकाठी बांध घालून राखलेल्या शेतांचे) बांध आणि मानशी (पाणी अडवायच्या-सोडायच्या दारांच्या मोऱ्या) क्यूजीआयएस या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये नकाशावर घ्यायच्या. अठरा जण आले होते. कॉलेजची मुलं, शेतकऱ्यांपैकी चौघे, एक निवृत्त शिक्षिका. सगळ्यांच्या लॅपटॉपवर आधीच उबंटू लिनक्स टाकून ठेवलं होतं.

सकाळी शिकवणाऱ्या मित्राने जाहीर केलं, "आपण क्यूजीआयएस सोर्सपासून, म्हणजे मूळ कोडपासून बांधू, म्हणजे आत काय आहे ते कळेल." संध्याकाळी साडेपाचला अठरापैकी तिघांच्या पडद्यावर क्यूजीआयएस उघडलं. बाकीच्यांत कुणाला बांधणीला लागणाऱ्या क्यूटीच्या फाइली सापडेनात, कुणाचं सी-मेक (बांधणीची तयारी करणारा प्रोग्रॅम) जुनं, आणि ४ जीबी रॅमवाल्या लॅपटॉपांनी तर अर्ध्या वाटेत मान टाकली. चहाच्या वेळी शिक्षिकाबाई मला म्हणाल्या, "बांध काढायला आले होते, अजून पायाच खणतेय."

माझं मत सरळ लिहितो. ज्याला नकाशा काढायचाय त्याच्या हातात कंपायलर (कोडचा प्रोग्रॅम करणारं अवजार) देऊ नये. क्यूजीआयएसचं स्वतःचं पॅकेजांचं, म्हणजे आधीच बांधून ठेवलेल्या सॉफ्टवेअरचं भांडार आहे, ते जोडा, दोन आज्ञा द्या, चहा होईपर्यंत काम संपतं. विंडोजवाल्यांना ओएसजीओ-फोर-डब्ल्यू हा तयार संच आहे. "मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे स्वतः बांधलेलं" ही मला निव्वळ शेखी वाटते. भात खायला शेत नांगरावं लागत नाही. पटत नसेल तर बोला.

मेकवाला

तो शिकवणारा मित्र मीच. अठरापैकी तिघं हा आकडा खरा आहे, तेव्हा लपवण्यासारखं काही नाही.

पण भाताचा दाखला चुकला, बाब. खाजनाच्या गावातला माणूस भात नुसता खात नाही. मानशीची दारं केव्हा उघडायची, भरतीला केव्हा लावायची हे गावात कुणाला तरी कळावंच लागतं. नाहीतर खारं पाणी शेतात शिरतं आणि मग दार दुरुस्त करणारा बाहेरून येईपर्यंत हंगाम गेलेला असतो. सॉफ्टवेअरचंही तेच. पॅकेज बांधणाऱ्याने काय घातलं, काय वगळलं, हे तो ठरवतो. जीडॅल घ्या, जे क्यूजीआयएसच्या पोटात बसून निरनिराळ्या फाइली वाचतं. ईसीडब्ल्यू स्वरूपातली विमानातून घेतलेली चित्रं कुणी दिली तर उबंटूचं तयार जीडॅल ती उघडत नाही, कारण ते वाचणारं ग्रंथालय (लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोड) मुक्त परवान्याचं नाही. ते स्वतः आणून जीडॅल पुन्हा बांधायचं. हे येत नसेल तर चित्रं पेनड्राइव्हमध्येच राहतात.

खाजनकाठ

अठरापैकी किती जणांकडे ईसीडब्ल्यू फाइल होती? एकाकडेही नाही. आणि विंडोजवर ओएसजीओ-फोर-डब्ल्यूमध्ये ईसीडब्ल्यूसाठी वेगळं पॅकेज मिळतं, खूण केली की झालं.

मेकवाला

मानलं. पण विंडोज सुचवायला तुलाच आलं पाहिजे का, उबंटू टाकून घेणारा तूच!

चौथा_सेमिस्टर

मान टाकलेल्या लॅपटॉपांपैकी एक माझा. नेमकं काय झालं ते सांगते. आम्ही 'निंजा' हा बांधणी करणारा प्रोग्रॅम चालवला. तो न विचारता मशीनमध्ये जेवढे कोअर असतील तेवढी कामं, वर आणखी दोन, एकदम सुरू करतो. क्यूजीआयएस सी-प्लस-प्लसमध्ये आहे आणि त्याचे पायथनला जोडणारे भाग कंपाइल होताना एकेक काम रॅमचा मोठा घास घेतं. टक्केवारी छान चढत होती. मग माउस हलेना, मग पंखा विमानासारखा, आणि शेवटी ओळ आली: "फेटल एरर: किल्ड सिग्नल." मला वाटलं कोडमध्येच चूक आहे. दोनदा तसंच चालवलं, दोनदा तेच. सरांनी येऊन 'जे दोन' लावलं, म्हणजे एका वेळी दोनच कामं, तेव्हा पुढे सरकलं. जेवणानंतर वीजही गेली. एक चांगलं म्हणजे वीज आल्यावर ते पहिल्यापासून सुरू होत नाही, झालेलं सोडून उरलेलंच करतं.

आता माझं मत, आणि ते सरांना आवडणार नाही. मी त्या दिवशी नकाशाबद्दल काहीही शिकले नाही. रॅमबद्दल मात्र खूप शिकले.

मेकवाला

ते 'जे दोन' सकाळी फळ्यावर लिहायला हवं होतं. चूक माझी.

डिचोलीकर

दोघांनाही थोडं लागेल असा अनुभव सांगतो.

दोन वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी वेबवर नकाशा लावायचा होता. गोव्याचे तालुके, गावं, नावं देवनागरीत. मॅपसर्व्हर (वेबवर नकाशे दाखवणारं सॉफ्टवेअर) निवडलं. भाड्याचा स्वस्त सर्व्हर, मी स्वतःच बांधायला बसलो. सी-मेक एका ठिकाणी अडलं: हार्फबझ (अक्षरं जुळवणारं ग्रंथालय) सापडत नाही. आणि खाली त्यानेच प्रेमाने सुचवलं की हवं असेल तर 'विथ हार्फबझ शून्य' असं देऊन हे बंद करा. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी बंद केलं. मग फ्रीबिडी हे दुसरं ग्रंथालय अडलं, तेही बंद केलं. बांधणी सुरळीत झाली. तपासायला पणजीचा तुकडा उघडला, 'पणजी' स्वच्छ. 'काणकोण' स्वच्छ. झोपलो.

सकाळी फोन आला, "आमच्या गावाचं नाव काय केलंत?" पाहतो तर 'डिचोली'ची पहिली वेलांटी 'ड'ला सोडून 'च'ला जाऊन चिकटलेली. 'म्हापसा'मध्ये 'म'चा पाय मोडलेला तसाच, शेजारी 'ह' वेगळा उभा. 'सत्तरी'चे दोन्ही 'त' सुटे. कारण साधं: देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी साठवताना व्यंजनानंतर असते आणि काढताना आधी. हा उलटापालट आणि जोडाक्षरं जुळवण्याचं काम हार्फबझ करतं. मॅपसर्व्हरमध्ये ते ७ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून आहे. मी ते हाताने काढून टाकलं होतं. 'पणजी'त आणि 'काणकोण'मध्ये ना ऱ्हस्व वेलांटी, ना जोडाक्षर, म्हणून मला काही दिसलं नाही. माझ्या स्वतःच्या तालुक्याचं नाव तपासायला सुचलं नाही हे वेगळंच.

उपाय: हार्फबझ आणि फ्रीबिडीच्या विकास-फाइली बसवल्या, बिल्डचा फोल्डर पूर्ण पुसला (नुसतं सी-मेक पुन्हा चालवलं तर जुना 'शून्य' त्याच्या कॅशमध्ये तसाच राहतो), पुन्हा बांधलं.

खाजनकाठ

डिचोलीकर, तुम्ही माझीच बाजू मांडलीत! डेबियनचं तयार पॅकेज घेतलं असतं तर त्यात हार्फबझ असतंच. डिचोलीची वेलांटी तुमच्या हौसेने पळवली.

डिचोलीकर

बरोबर. पण पुढचं ऐका. सहा महिन्यांनी दुसऱ्या एका ठिकाणी, तयार पॅकेजवाल्या कुणाच्या तरी नकाशात अगदी तशीच मोडकी नावं दिसली. त्यांच्याकडे तीन महिने "युनिकोडचा प्रॉब्लेम आहे" एवढंच चाललं होतं. फॉन्ट बदलून झाले, फाइली पुन्हा टाइप करून झाल्या. मी चित्र पाहताक्षणी सांगितलं, अक्षरं बरोबर आहेत, जुळवणारा गैरहजर आहे. तपासलं तर मॅपसर्व्हर जुनं, ७ च्या आधीचं. पॅकेजच होतं, पण कधी न बदललेल्या सर्व्हरवरचं. एकदा हाताने बिघडवलं नसतं तर मलाही ते ओळखता आलं नसतं.

म्हणून माझं मत मधलं नाही, तिरकं आहे. लोकांना वापरायला देताना पॅकेज. पण देणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी बांधून, बिघडवून पाहिलेलं असावं.

सुरक्षित_बरा

एक मुद्दा कुणी काढला नाही. सोर्सपासून बांधलं की निदान आत काही लपवलेलं नाही याची खात्री असते. पॅकेजवर डोळे मिटून विश्वास का ठेवायचा?

डिचोलीकर

तशी खात्री नसते. मार्च २०२४ मधलं एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरचं प्रकरण आठवा. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार बसवलं होतं, आणि ते सुरू करणारा तुकडा गिटमधल्या कोडमध्ये नव्हता, प्रसिद्ध केलेल्या सोर्सच्या गाठोड्यात होता. ते गाठोडं उघडून "मी सोर्सपासून बांधतो" म्हणणाऱ्याच्या हातातही तोच तुकडा आला असता. क्यूजीआयएस आणि त्याला लागणारी जीडॅल, प्रोज, जिओस ही ग्रंथालयं मिळून लाखो ओळी होतात. त्या कोण वाचतो? मी तरी नाही.

जुना_मोजणीदार

तरुणांनो, माझी ३४ वर्षं साखळी आणि टेप ओढण्यात गेली, शेवटी संगणक आला. तुमचं मेक-फेक मला कळत नाही, पण यात माझ्या कामाची एक गोष्ट आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीट एव्हरेस्टने १८३० मध्ये दिलेल्या पृथ्वीच्या मापांवर आहेत. जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या नव्या मापांवर. दोन्ही एकमेकांवर नीट न बदलता ठेवले तर बांध शेकडो फुटांनी सरकतो. खाजनात शेकडो फूट म्हणजे शेत कुणाचं आणि नदी कुणाची हा वाद. हा बदल तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये कोण करतं?

मेकवाला

काका, ते काम प्रोज करतं. आणि इथेच स्वतः बांधणाऱ्यांचा सगळ्यात मोठा घोटाळा होतो, माझ्या बाजूचा असून मान्य करतो. उबंटूचं एक प्रोज आधीच मशीनवर असतं, आपण नवीन बांधून 'यूएसआर लोकल' या फोल्डरमध्ये टाकतो. आता दोन प्रोज झाले. २०१९ च्या ६ व्या आवृत्तीपासून त्याची सगळी माहिती 'प्रोज डॉट डीबी' नावाच्या एका फाइलीत असते. नवं ग्रंथालय जुनी फाइल उघडायला गेलं, की "सापडत नाही" किंवा "आवृत्ती जुळत नाही" म्हणून हटून बसतं. क्यूजीआयएसमध्ये 'मदत' खाली 'क्यूजीआयएसविषयी' उघडलं की कोणत्या जीडॅलवर, प्रोजवर ते बांधलंय आणि आत्ता कोणत्यावर चालतंय, हे दिसतं. दोन आकडे वेगळे दिसले तर आधी ते निस्तरावं, बांध नंतर.

चौथा_सेमिस्टर

सर, दोन जीडॅलवाली मीही आहे 😅 कार्यशाळेनंतर उत्साहात नवं जीडॅल बांधलं आणि सीनियरची जुनी पायथन स्क्रिप्ट त्यावर चालवली. फोंडा नकाशावर कुठेच दिसेना. झूम आउट करत गेले, करत गेले, तर नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात एक ठिपका! जीडॅल ३ पासून अक्षांश आधी की रेखांश आधी हा क्रम ते त्या निर्देशांक-प्रणालीच्या व्याख्येप्रमाणे पाळतं, आणि जुनी स्क्रिप्ट उलट धरून लिहिलेली. साडेपंधरा उत्तर, चौऱ्याहत्तर पूर्व, हे उलटलं की चौऱ्याहत्तर उत्तर.

जुना_मोजणीदार

आमच्या काळी साखळी उलटी धरली तर इतक्या लांब जात नव्हती.

खाजनकाठ

हसून झालं. आता कामाचं. माझं पहिलं वाक्य मागे घेत नाही: कार्यशाळेत पॅकेजच. पण डिचोलीकरांची वेलांटी वाचून एवढं पटलं की बांधणं शिकवायचंच असेल तर ते वेगळं ठेवावं. पुढच्या वेळी रविवारी दुपारनंतर, ज्यांना हवं त्यांच्यासाठी, एकाच मोठ्या मशीनवर सगळ्यांनी मिळून. आणि अख्खं क्यूजीआयएस नको, मॅपसर्व्हरसारखं आटोपशीर काहीतरी. हार्फबझशिवाय बांधू, 'डिचोली' बघू, मग हार्फबझसह.

मेकवाला

चालेल. माझं १६ जीबीवालं आणतो. पण "शेखी" हा शब्द तेवढा मागे घे.

खाजनकाठ

चार वाजेपर्यंत बांधून झालं तर घेतो.

निवृत्त_बाई

मी ती पाया खणणारी. तुमचं भांडण वाचतेय. सोमवारी शेजारच्या मुलाने मला पॅकेज बसवून दिलं, बांध काढला, तीन मानशीही घेतल्या. पण एक झालंय. रकान्याला 'मानशीचे नाव' असं नाव दिलं होतं, शेपफाइल म्हणून जतन केल्यावर 'मान' एवढंच उरलं. हे बांधल्यामुळे की न बांधल्यामुळे?

मेकवाला

दोन्हीमुळे नाही, बाई. शेपफाइलीतला तक्ता डीबीएफ या जुन्या पद्धतीचा असतो, त्यात रकान्याच्या नावाला दहाच बाइट मिळतात. इंग्रजीत ती दहा अक्षरं होतात. देवनागरीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, काना आणि वेलांटी वेगळे मोजून. 'म', काना, 'न', संपले. जतन करताना शेपफाइलऐवजी 'जिओपॅकेज' निवडा, पूर्ण नाव राहील.

निवृत्त_बाई

राहिलं. चौथी मानस ओढ्यापलीकडे आहे, ओहोटी लागली की जाऊन घेते.