बोटीला वॅक्स करायला बॅटरीचा बफर (पॅड फिरवणारं पॉलिशचं यंत्र) पुरतो का?

सुकाणू: माझं मत, पुरतो. शिडीवर उभं राहून घासताना वायर पायात येते, ओल्या जमिनीवर लोळते, नुकत्याच चमकवलेल्या भागावर चरे पाडते. १८ व्होल्टचा, १५ मिमी थ्रोचा (पॅड डोलतो ते अंतर) ड्युअल ॲक्शन (फिरता फिरता डोलणारा) बफर, १५० मिमीचा पॅड आणि ५ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या घ्या, झालं.

खारा वारा: असहमत. १८ गुणिले ५ म्हणजे ९० वॅट-अवर. पांढुरक्या पडलेल्या जेलकोटवर (फायबरच्या बोटीचा बाहेरचा थर) कंपाउंड (घासून वरचा थर काढणारी पेस्ट) मारताना यंत्राने ५०० वॅट खेचले तर जेमतेम ११ मिनिटं. वर तापलेली बॅटरी बरेच चार्जर निवेपर्यंत चार्जिंगला घेतच नाहीत. दुसरी बॅटरी संपली की बसा हातावर हात धरून.

सुकाणू: मी वॅक्स म्हणालो, कंपाउंड नव्हे! वॅक्स घासायचं नसतं, पातळ पसरायचं असतं. मऊ फोम, सगळ्यात कमी वेग, दाब फक्त यंत्राच्या वजनाचा. २०० वॅट धरले तरी तीच बॅटरी २७ मिनिटं चालते.

फायबरवाला: आधी जेलकोट तपासा, मग भांडा. धुऊन वाळवलेल्या बाजूवर काळं फडकं घासा. पांढरी भुकटी आली तर त्यावर वॅक्स म्हणजे पोपड्यांवर रंग: चार दिवस चमक, मग पुन्हा खडूसारखं. तिथे आधी कंपाउंडच हवं, आणि ते वायरच्या रोटरीवर (पॅड नुसता गोल फिरवणारं यंत्र), लोकरी पॅडने, १२०० ते १८०० आरपीएमला. गाडी पॉलिश करणारे रोटरीला घाबरतात ते उगाच नाही, पण जेलकोट साधारण अर्धा मिमी जाड असतो, गाडीच्या रंगावरच्या पारदर्शक थराच्या, क्लिअर कोटच्या, कितीतरी पट. तरी कडांवर थांबू नका. तिथे थर पातळ असतो आणि पॅड आरपार जातो.

सुकाणू: कंपाउंडपुरतं मान्य. मात्र वायर वापरायचीच तर जोडणीला आरसीडी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवा, बोटीच्या आसपास पाणी असतंच.

डोलकाठी: वॅक्ससाठी यंत्र हवंच कशाला? फोमचा तुकडा आणि दोन मायक्रोफायबर फडकी, लहान बोटीला तेवढंच लागतं.

फायबरवाला: लहान बोटीला हो. मोठीला खांदे जातात. आणि सुकाणू, तुमच्या ड्युअल ॲक्शनची एक खोड राहिली. नाळेच्या (बोटीच्या पुढच्या टोकाच्या) वळणावर पॅड फिरायचा थांबतो, नुसता थरथरतो. पॅड जिच्यावर बसतो त्या बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने रेघ मारा. रेघ एका जागी दिसली तर काम होत नाहीये. तिथे दाब कमी करा, पॅड सपाट टेकवा किंवा १२५ मिमीचा घ्या. गिअरवर सक्तीने फिरणारा प्रकार थांबत नाही, पण हात जास्त हलवतो.

खारा वारा: वजनाचं कोणीच बोललं नाही. बॅटरी मागच्या टोकाला, त्यामुळे हात वर करून धरला की मनगट आधी दमतं. दुकानात विकत घेण्याआधी बॅटरी लावून, खांद्याच्या वर दोन मिनिटं धरून बघा. आणि सगळ्यात कमी वेग किती ते विचारा. तो जास्त असेल तर वॅक्सचे शिंतोडे खिडक्यांवर.

सुकाणू: शिंतोडे उडतात ते वॅक्स जास्त घेतल्याने. ६० गुणिले ६० सेंमीच्या चौकटीला वाटाण्याएवढे चार ठिपके, आधी यंत्र बंद ठेवून पॅडने थापून घ्या, मग चालू करा. उन्हात नको, सुकून चिकटतं. डेकच्या खरखरीत भागाला तर अजिबात नको, पाय घसरेल.

खारा वारा: ठिपके मान्य, मनगटाचं उत्तर नाही मिळालं.