शाळा उघडतेय, गावाला सोबत कसं घ्यावं?

प्रश्न: बीड जिल्ह्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा, चौथीपर्यंत. पहिल्या दिवशी बैलगाडीतून मिरवणूक, हलगी, नवी पुस्तकं हे होतंच, अन् गाव हौसेनं येतं. पण दिवाळीच्या सुमाराला निम्मी घरं ऊसतोडीला जातात. तरी मार्चपर्यंत एकूण एक लेकरू घडाघडा वाचलं पाहिजे, हा माझा हट्ट आहे. पालकांना कसं सांगू?

उत्तर: गुरुजी, सांगू नका, दाखवा. चौथीच्या पोरीला मंडपात धडा वाचायला लावा. मी वाचला तेव्हा अंगठा लावणाऱ्या माझ्या मायनं अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं.

उत्तर: हंगामी वसतिगृहाचा, म्हणजे आई-बाप ऊसतोडीला गेल्यावर लेकरांची गावातच सोय करण्याचा, ठराव शाळा व्यवस्थापन समितीत आत्ताच घ्या. आजी-आजोबांनाही बोलवा, मागं लेकरं तेच सांभाळतात.

प्रश्नकर्ता: आजीलाच पहिल्या रांगेत बसवतो.