प्रति: हापूस आणि रत्ना एकत्रच उतरवू का?

तुम्ही लिहिलंय की दोन्ही झाडांना मोहोर एकाच आठवड्यात आला म्हणून आंबे पण एकदमच उतरवणार, तर प्लीज तसं करू नका. रत्ना हा नीलम आणि हापूसचा संकर, वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने 1981 ला दिलेला, त्यामुळे दिसायला हापूसच्या जवळचा असला तरी वाढायची चाल वेगळी असते. आणि एकाच झाडावर मोहोर मागेपुढे येतो, म्हणजे सुपारीएवढी कैरी आणि अंड्याएवढी कैरी एकाच फांदीवर लटकलेली असते, मग नुसते दिवस मोजून काय कळणार!

सुरुवातीला वाढ सावकाश, मग झपाट्याने, आणि बाठा कडक झाला की आकार जवळजवळ थांबतो पण आत गर भरत राहतो. इथेच घाई होते लोकांची. फळाचे खांदे देठाच्या वर आले का, देठाशी खळगा पडला का ते बघा, एखादं कापून गर पिवळसर झालाय का तेही बघा.

हापूस मात्र झाडावर पूर्ण पिकू देऊ नका, चौदा आणे (म्हणजे सोळा आण्यांपैकी चौदा, साधारण 85 टक्के तयार) झाला की उतरवा, कारण जास्त तयार झालेल्यात साका (आतला गर नीट न पिकण्याचा दोष) जास्त निघतो आणि बाहेरून काहीच कळत नाही, गिऱ्हाईकाने कापल्यावरच आतला पांढरट आंबट गर दिसतो. रत्नामध्ये साक्याची भीती नाही, त्याला निवांत भरू द्या. कुठलाही आंबा देठासकट झेल्याने (लांब काठीला जाळी लावलेली असते त्याने) काढा, चीक सालीवर सांडला की काळे डाग पडतात.